पिळाचा हिशेब

देहाच्या अंतर्भागात डोकावून पाहण्याची वैद्यकाची आकांक्षा फार जुनी आहे. परंतु तिला यंत्राची जोड मिळून दोनशे वर्षांहून थोडा अधिक काळ लोटला आहे. १८०६ साली फिलिप बोत्सिनी या तरुण जर्मन वैद्याने मेणबत्तीचा प्रकाश नळीवाटे शरीरात सोडण्याची युक्ती योजली. १८७७ साली माक्सिमिलियान निट्झे याने मूत्राशय पाहण्याची भिंगयुक्त नळी सिद्ध करून दाखविली. १९५४ साली हॅरल्ड हॉपकिन्स आणि पंजाबात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र वाहून नेण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला, आणि १९५७ साली बेझिल हिर्शोविट्झ यांनी त्याच तत्त्वावरील लवचीक नळी रुग्णाच्या जठरापर्यंत पोहोचविली. रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक जिला सरसकट ‘दुर्बीण’ म्हणतात, त्या उपकरणाची ही वंशावळ वाचताना माझे लक्ष दर वेळी एकाच गोष्टीपाशी अडते, आणि ती ही की, या साऱ्या काळात शरीराच्या आतील चित्र बाहेर येत असे ते प्रकाशाच्याच रूपाने.

प्रकाशाचा एक मोठा गुण असा की, त्याला पीळ पडत नाही. काचेच्या दांड्यांची भिंगे ओवलेली कठीण नळी तिच्या मागच्या टोकाला जोडलेल्या कॅमेऱ्यात कितीही वेळा फिरविली, तरी प्रकाशाला त्याची दादही लागत नाही, कारण दोन भागांमध्ये त्याला कोणत्याही स्पर्शाची अपेक्षा नसते. परंतु १९८३ साली अमेरिकेतील वेल्श ॲलिन कंपनीने चित्रग्राहक चकती दुर्बिणीच्या अग्रभागीच बसविली आणि पुढे त्या चकत्या इतक्या आक्रसत गेल्या की, २०१९ साली ओम्नीव्हिजन कंपनीने अवघ्या ०.५७५ मिलिमीटर बाजूची, ४० हजार चित्रबिंदूंची चकती बाजारात आणली. अशा रीतीने चित्राचे वहन प्रकाशाकडून विजेकडे आले. वीज स्पर्शावाचून चालत नाही. तिला तार लागते, तारेला दोन टोके असतात, आणि त्यांपैकी एक टोक फिरू लागले व दुसरे स्थिर राहिले की, मधल्या तारेला पीळ पडतो. या पिळाचा हिशेब जमविणे हे माझ्या नोकरीतील कित्येक वर्षांचे काम होते, आणि त्या कामाने मला जे शिकविले ते आज थोडे सविस्तर मांडावे असे वाटते.

मुळात कॅमेरा फिरवावयाचा कशासाठी, हे प्रथम सांगितले पाहिजे. पोटाच्या शस्त्रक्रियेतील पुष्कळ दुर्बिणी समोर न पाहता ३० अंशांनी तिरक्या पाहतात. नळी स्वतःच्या अक्षाभोवती फिरविली की, ही तिरकी नजर शंकूच्या आकारात भोवताली फिरते आणि पित्ताशयामागचा किंवा यकृताच्या कडेआडचा जो भाग सरळ नजरेला दिसला नसता, तो दिसू लागतो. परंतु चकती नळीच्या अग्रभागी घट्ट बसविलेली असेल, तर नळीबरोबर चित्रही फिरते. पडद्यावर वरचे खाली आणि डावे उजवे होते, आणि ज्या शल्यचिकित्सकाचे दोन्ही हात त्या चित्राच्या भरवशावर चालत असतात, त्याची दिशाच हरपते. म्हणून नजर फिरली तरी क्षितिज फिरता कामा नये, ही या उपकरणाची पहिली अट होय. आणि ती पाळावयाची तर नळी फिरत असताना तिच्या आतली चकती जागच्या जागी सरळ उभी राहिली पाहिजे.

पुण्याजवळच्या औद्योगिक वसाहतीत आमचा छोटा कारखाना होता आणि तेथे अशा एका दुर्बिणीच्या विद्युत्‌जोडणीचा जिम्मा माझ्याकडे आला. उपकरणाची रचना अशी होती की, बाहेरची पोलादी नळी, तिची तिरकी काच आणि मुठीतला देह हे सारे मिळून एकच हवाबंद पात्र होते. त्याच्या आत एक बारीक नळी अलगद फिरत असे आणि तिच्या अग्रावर चकती बसविलेली असे. बाहेर मुठीवर एक कडे होते. कड्यात आणि आतल्या नळीत समोरासमोर लोहचुंबक बसविलेले असल्यामुळे, भिंतीला कोठेही भोक न पाडता, कडे धरून ठेवले की आतली नळी त्याच्याबरोबर स्थिर राही. चुंबक निवडतानाही निर्जंतुकीकरणाच्या उष्णतेचा विचार करून नेहमीच्या निओडिमियमऐवजी समेरियम-कोबाल्ट घ्यावे लागले होते. ही योजना माझ्या आधीच्या मंडळींनी फार विचारपूर्वक केलेली होती. माझ्यापुढे उरला होता तो एवढाच प्रश्न की, आतल्या नळीच्या शेपटापासून मागच्या भिंतीतील काचेने सांधलेल्या पिनांपर्यंत, म्हणजे सुमारे ३० मिलिमीटर लांबीच्या एका पोकळीत, वीज आणि चित्रसंकेत न्यावयाचे कसे.

अशा वेळी अभियंत्याच्या मनात पहिला विचार येतो तो स्लिप रिंगचा, आणि तो येणे स्वाभाविकच आहे. फिरत्या दांड्यावर सोन्याच्या मिश्रधातूची वलये, त्यांच्या खाचांतून घासत जाणाऱ्या बारीक तारांचे ब्रश, आणि दांडा कितीही फेरे घेवो, जोड अखंड, असे त्याचे मोहक रूप असते. परंतु ज्याने स्लिप रिंग जवळून पाहिली आहे, त्याला तिची खरी कैफियत ठाऊक असते. ब्रशाचा दाब हलका ठेवला तर तो सूक्ष्म काळासाठी उचलला जातो आणि सेकंदाला कोट्यवधी संकेत नेणाऱ्या वाटेत तेवढी उसंतही चित्रावर ठिणग्या उडवावयास पुरेशी होते. दाब वाढविला तर झीज वाढते आणि झिजलेल्या कणांचा थर त्याच वलयावर साचून रोध वाढवितो. म्हणून एकेका वलयावर दोन दोन ब्रश ठेवतात, जेणेकरून एक उचलला गेला तरी दुसरा टेकलेला राहावा. परंतु त्यामुळे जागा लागते, आणि आमच्याकडे नसलेली वस्तू हीच होती. रक्तवाहिनीत शिरून मिनिटाला १८०० फेरे घेणाऱ्या श्राव्यातीत ध्वनीच्या नळ्यांत अखंड फिरणे हा उपकरणाचा प्राणच असतो, आणि तेथे स्पर्श टाळून चुंबकीय प्रेरणेने संकेत पार नेण्याची व्यवस्था करतात. आमच्या पोलादी पात्रात बिनतारी मार्गही सोयीचा नव्हता, कारण धातूची भिंत लहरींना अडविते आणि प्रेषकाची उष्णता बाहेर काढावयास वाट नसते.

मग मी शस्त्रक्रियागृहात जाऊन उभा राहू लागलो. तेथे मला हवे होते ते शस्त्रक्रियेचे कौशल्य नव्हे, तर दुर्बीण धरणाऱ्या हाताचे वळण. पोटाच्या शस्त्रक्रियेत दुर्बीण बहुधा मुख्य शल्यचिकित्सकाच्या हाती नसते. ती एखादा कनिष्ठ डॉक्टर धरून असतो आणि मुख्य डॉक्टर ‘थोडं उजवीकडे बघ’, ‘वरून दाखव’ एवढेच सांगत जातात. त्या कनिष्ठाच्या मनगटाकडे मी तासन्‌तास पाहत असे. मनगट एका बाजूला पाऊण वळणापर्यंतही क्वचितच जाई. बहुतेक वेळ अर्ध्या वळणाच्या आतच त्याचा व्यवहार चाले, आणि गेलेले वळण ते त्याच वाटेने परत येई. एकाच दिशेने फेऱ्यामागून फेरे घेण्याचा प्रसंग मला पाहावयास मिळाला नाही. एकदा चहाच्या वेळी मी ज्येष्ठ डॉक्टरांना विचारले की, दुर्बीण गोल गोल फिरत राहिलीच पाहिजे अशी आपली अपेक्षा आहे काय. ते म्हणाले, ‘अहो, मला ती गरागरा फिरवायची नाही. पण मी जिथं थांबेन तिथं चित्र थांबलं पाहिजे. हात सोडला की ते हळूच सरकायला लागतं, हे मात्र मला अजिबात चालत नाही.’

या उत्तराने प्रश्नाचे स्वरूपच पालटले. अखंड फिरण्याची मुभा कोणी मागितलीच नव्हती. ती आम्हीच आमच्या कल्पनेने गृहीत धरली होती. मागितले होते ते एका मर्यादेतले मोकळे फिरणे आणि त्या मर्यादेत कोठेही निश्चल राहणे. मर्यादा आली की तार पुन्हा शक्यतेच्या कोटीत येते; मात्र ती तार कशी ठेवावयाची, हा विचार करणे भाग होते.

सरळ तारांचे जुडगे पोकळीतून नेऊन त्यालाच पीळ पडू द्यावा, हा सर्वांत सोपा उपाय; परंतु त्याचा हिशेब कागदावरच कोसळतो. ३० मिलिमीटर लांबीचे आणि १ मिलिमीटर त्रिज्येचे जुडगे एक पूर्ण वेढा फिरले, तर कडेच्या तारेला मळसूत्री वाट चालावी लागते आणि त्या वाटेची लांबी ३०.६५ मिलिमीटर भरते. म्हणजे तारेने दोन टक्क्यांहून अधिक ताणले जावे, किंवा मधल्या तारांनी तेवढे चुरमडावे, असा तो हुकूम होय. आणि तांबे एवढा ताण वारंवार सोसत नाही. उलट त्याच पोकळीत २०० मिलिमीटर लांबीची, दशांश मिलिमीटर जाडीची एक चपटी लवचीक पट्टी गजराच्या घड्याळातल्या कमानीप्रमाणे गुंडाळून ठेवली, तर एक पूर्ण वेढा तिच्या साऱ्या लांबीवर वाटला जातो. दर मिलिमीटरला वाट्याला येणारी वक्रता इतकी अल्प असते की, पट्टीच्या पृष्ठभागावरचा ताण १ टक्क्याच्या सहाव्या हिश्श्याच्या आसपास राहतो. आणि तांब्याचा पत्रा दोन्ही बाजूंच्या पॉलिइमाइड या प्लास्टिकच्या थरांच्या बरोबर मध्ये ठेवला, तर त्याच्या वाट्याला त्याहूनही कितीतरी कमी येतो. वेढा तोच, पोकळी तीच, तांबेही तेच; फरक एवढाच की, एका उपायात हालचाल आखूड जागेत कोंडली गेली होती आणि दुसऱ्यात ती लांबीवर पसरली होती.

परंतु गुंडाळलेली पट्टी ही स्वभावतःच स्प्रिंग असते, आणि येथे डॉक्टरांचे दुसरे वाक्य आडवे आले. कडे फिरविल्यावर पट्टी त्याला परत ओढू पाहते; ही ओढ आतल्या नळीच्या घर्षणापेक्षा वरचढ झाली तर हात सोडताच चित्र सरकते, आणि चुंबकांच्या पकडीपेक्षा वरचढ झाली तर नळी एकदम निसटते व चित्र उडी मारते. पट्टी मऊ करावी तर तिच्यावरचे तांब्याचे आच्छादन पातळ होते. आणि आच्छादन पातळ झाले की शस्त्रक्रियेत ऊतक कापण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या, सेकंदाला लक्षावधी कंपनांच्या उच्चदाब प्रवाहाचे पडसाद चित्रावर आडव्या रेघांच्या रूपाने उमटतात. शेवटी अखंड पत्र्याऐवजी जाळीदार आच्छादन, चित्रसंकेतासाठी परस्परविरुद्ध प्रवाह नेणाऱ्या जोडतारा आणि पट्टीची अरुंद रुंदी अशी तडजोड जुळून आली. वेढ्याच्या दोन्ही टोकांना असलेल्या थांब्यांविषयी मी विशेष आग्रही होतो. कडे जेथे अडते तेथे पोलादाने पोलादाला अडविले पाहिजे आणि त्या वेळी पट्टीत अजून काही लांबी शिल्लक असली पाहिजे; थांबण्याचे काम पट्टीवर सोपविले, तर घाईत दिलेला एकच हिसका तिचे आयुष्य संपवितो.

आता मी एका व्यक्तीविषयी लिहिणार आहे, जिचे ऋण माझ्यावर फार मोठे आहे. आमच्या जुळणी विभागात एक ज्येष्ठ बाई होत्या. सारा कारखाना त्यांना मावशी म्हणे. पूर्वी त्यांनी श्रवणयंत्रांच्या जुळणीत पुष्कळ वर्षे काढलेली होती. सूक्ष्मदर्शकाखाली, अमेरिकन गेजप्रमाणे ४० क्रमांकाची, म्हणजे ०.०८ मिलिमीटर व्यासाची तार त्या चिमट्याने उचलीत, तिचे टोक पट्टीवरच्या ठिपक्याशी असे टेकवीत की जणू ते आधीपासून तेथेच होते, आणि सोल्डरिंग आयर्नचे टोक क्षणमात्र लावून काढून घेत. सोल्डर ठिपक्यावर पसरे, तारेच्या पोटाशी एक लहानसा चकचकीत उतार तयार होई आणि त्या उताराच्या पुढे तार आपल्या मूळ तांबूस रंगात निघून जाई. चकतीच्या बाजूला पट्टी जेथे अशा तारांना मिळत होती, त्या जागी चाचणीत वारंवार तुटी होत होत्या. मी सोल्डरची जात, उष्णतामान, फ्लक्स या साऱ्यांची चौकशी चालविली होती. मावशींनी एक तुटका नमुना सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला आणि म्हणाल्या, ‘साहेब, तार कुठंही वाकवा, ती काही म्हणत नाही. सोल्डर चढत चढत जिथं थांबलंय, तिथं वाकवली की मात्र तुटणारच. बघा, सगळ्या तिथंच तुटल्यात.’

मी पाहिले, आणि खरोखरच प्रत्येक तुटीची जागा एकच होती. वितळलेले सोल्डर बारीक तारांच्या पेडात आपोआप वर चढते. जेथपर्यंत चढते तेथपर्यंत पेड टणक होतो आणि त्यापुढे तो मऊ असतो. या टणक आणि मऊ भागांच्या सीमेवर सारे वाकणे एका रेषेत गोळा होते. जोड स्वतः निर्दोष होता. दोष होता तो हालचालीला त्याच्या दारापर्यंत येऊ देण्यात. मग मावशींच्याच सल्ल्याने आम्ही पट्टीचे टोक जोडाच्या बरेच अलीकडे एका आधारावर घट्ट बांधले, जोडावर आणि त्या सीमेवर मऊ सिलिकोनचा निमुळता उतार दिला, आणि सोल्डर किती चढावे याची मर्यादा कामाच्या सूचनापत्रात सचित्र नोंदविली. तेव्हापासून ही जागा गप्प झाली. मावशींच्या हाताखाली शिकलेल्या मुली आजही ती सीमा प्रथम पाहतात आणि मग जोड पाहतात.

चाचणीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण या क्षेत्रात फसवणूक होते ती तेथेच. स्थिर ठेवलेल्या जोडाला मल्टिमीटर लावला तर तो बहुधा धडधाकट दिसतो. तडा गेलेल्या तारेची दोन तोंडे विश्रांतीत एकमेकांना टेकलेली असतात आणि फिरतानाच विलग होतात. म्हणून फिरविणारे यंत्र आणि मोजणारे यंत्र एकाच वेळी चालू ठेवून, ऑसिलोस्कोपवर मायक्रोसेकंदांच्या तुटी टिपाव्या लागत. आणि तुटीच्याही आधी रोध काही मिलिओहमांनी हळूहळू चढू लागतो, ती पूर्वसूचना ओळखावी लागे. शिवाय फिरविण्याच्या या आवर्तनांच्या मध्ये मध्ये उपकरण १३४ अंशांच्या दाबाखालील वाफेतून काढावे लागे, कारण पॉलिइमाइड बाष्प शोषून घेते आणि पात्राची एखादी सांध सूक्ष्म प्रमाणात जरी गळकी असली, तरी तिची साक्ष पहिल्याच वाफेनंतर नव्हे, तर पुष्कळ वेळा वाफ दिल्यानंतर मिळते. काचेवर आतून धुके धरणे, हे त्या साक्षीचे पहिले लक्षण.

दप्तराचे काम पुष्कळ अभियंत्यांना जाचक वाटते. मला तसे कधी वाटले नाही. २०१७ साली निघालेले आणि १ जानेवारी २०१८ पासून अमलात आलेले आपल्याकडील वैद्यकीय उपकरण नियम असोत की आंतरराष्ट्रीय मानके असोत, त्यांतील अटी कोणाच्या तरी देहाच्या बाजूने मांडलेली वकिली आहे. शरीराला लागणाऱ्या भागाचे उष्णतामान ४१ अंशांच्या पुढे जात असेल तर ते स्पष्ट नोंदवावे, आणि हृदयाशी प्रत्यक्ष संबंध येणाऱ्या उपकरणातून रुग्णाकडे गळणारा प्रवाह सामान्य स्थितीत १० मायक्रोअँपिअरच्या आत असावा, अशा ओळी वाचताना मला नेहमी वाटे की, भूल दिलेला माणूस तक्रार करू शकत नाही म्हणून त्याच्या वतीने कोणीतरी ती आगाऊ लिहून ठेवली आहे. त्याच दप्तरात जोखमीच्या रकान्यात एक प्रश्न असे: थांब्यापाशी वापरणाऱ्याने जोर केला तर काय होईल? आमच्या पोलादी थांब्याचे समर्थन त्या एका प्रश्नाच्या उत्तरात सामावले होते.

या साऱ्या कामातून माझी एक धारणा पक्की झाली आहे. फिरत्या आणि स्थिर भागांमधील जोड टिकतो तो त्याच्या बळावर नव्हे. हालचाल कोठे खर्च व्हावयाची हे आधी ठरवून तिला तेवढी लांबी दिली तर तो टिकतो. जी हालचाल आपण विचारात घेतली नाही, ती नाहीशी होत नाही. ती सर्वांत टणक कडेचा, सर्वांत आखूड तारेचा शोध घेते आणि तेथे आपला वाटा वसूल करते. म्हणून जोड भक्कम करीत जाण्याचा मोह आवरावा, जोडाला स्वस्थ ठेवावे आणि पीळ लांबीकडे वळवावा. ही लांबी छोट्या उपकरणात मिळत नाही, अशी सबब पुष्कळदा सांगितली जाते. परंतु ती गुंडाळून, घडी घालून, दुसऱ्या बाजूने वळसा देऊन बहुधा मिळवता येते. तिच्यासाठी जागा मागावी लागते आणि ती आराखड्याच्या आरंभीच मागावी लागते, कारण शेवटी उरलेल्या जागेत जोड बसविणाऱ्याच्या वाट्याला केवळ आखूडपणाच येतो.

आणि दुसरी गोष्ट अशी की, मर्यादेची लाज बाळगू नये. अमर्याद फिरणारा जोड कागदावर अधिक दिमाखदार दिसतो. पण हाताला जेवढे हवे तेवढेच देणारा आणि तेवढे इमानेइतबारे वर्षानुवर्षे देणारा जोड रुग्णाच्या अधिक उपयोगी पडतो. आमच्या विभागात नव्याने रुजू होणाऱ्या तरुणांना मी म्हणूनच पहिल्या आठवड्यात जोडणीचा आराखडा काढावयास सांगत नाही. डॉक्टरांची परवानगी घेऊन शस्त्रक्रियागृहात उभे राहा आणि दुर्बीण धरणारे मनगट कोठून कोठे जाते, किती वेळा परत येते आणि कोठे थांबते, एवढे टिपून आणा, असे मी त्यांना सांगतो. जो हे टिपण नीट करतो, त्याला लांबीचा, थांब्याचा आणि पिळाचा हिशेब पुढे आपणहून सुचत जातो, आणि त्याच्या आराखड्यावर सही करताना मला दुसऱ्यांदा विचार करावा लागत नाही.